टीव्हीला पाठ

आमचे दळवीकाका टीव्ही बघतात ते टीव्हीकडे पाठ करून.

तुम्हाला वाटेल, मी फुगवून सांगतोय. तसं नाही. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला टीव्ही आहे, शेजारी काचेचं शोकेस आहे आणि या दोघांच्या मधे जी वीतभर जागा उरते तिथे काका उभे राहतात. हात मागे बांधलेले, पाठ टीव्हीकडे, तोंड आपल्याकडे. पडद्यावर कुणी गाऊ दे, रडू दे, चक्कर येऊन पडू दे, काका मान वळवत नाहीत. मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात नवा राहायला आलो तेव्हा मला पहिल्या दिवशी वाटलं, हा टीव्ही बसवायला आलेला कंपनीचा माणूस असावा आणि आता तो आपल्याला रिमोट कसा वापरायचा ते सांगणार. शेवटी न राहवून विचारलं. तर म्हणाले, "गाणं हे कानाचं काम आहे. त्यांची तोंडं काय बघायची?"

मला ते पटलं. माणूस गाण्यातला दर्दी दिसतोय, असं मी घरी येऊन वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलंही.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कारखाना काही त्यांच्या अंगातून निवृत्त झालेला नाही. जगातल्या सगळ्या भानगडी त्यांच्या लेखी दोनच, एक फॉल्ट आणि दुसरा लोड. सोसायटीचा सेक्रेटरी मीटिंगमध्ये तडतडायला लागला की काका शेजारच्याच्या कानात सांगतात, "अर्थिंग नाही त्याला." माझं आणि वैशालीचं भांडण जिन्यापर्यंत ऐकू गेलं तर दुसऱ्या दिवशी मला गाठून म्हणतात, "लोड वाटून घ्या रे. सगळा एकाच फेजवर टाकलात तर उडणार." शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, तेव्हा मुलाकडच्यांबद्दल लोक वाट्टेल ते बोलत होते. काका एवढंच म्हणाले, की बरं झालं, टेस्टिंगमध्येच कळलं.

आणि बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. पायाला कायम भिंगरी. जेवता जेवता उठून गॅलरीत जाऊन येतात, पेपर चालत चालत वाचतात, न्हाव्याच्या खुर्चीत बसले की न्हावीच देवाचं नाव घेतो. कुंदाकाकू म्हणतात, "सप्तपदीला चालायला मिळालं म्हणून आमचं लग्न लागलं. नुसतं पाटावर बसायचं असतं तर हे मांडवातून निघून गेले असते." माझाही स्वभाव काही ध्यान लावून बसण्यातला नाही. उल्हासनगरला कपड्याच्या घाऊक दुकानात दिवसभर उभा असतो, आणि घरी येऊन जरा कुठे टेकलो की आपलं काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटायला लागतं. त्यामुळे आमचं दोघांचं जमतं. आमच्या सगळ्या गप्पा जिन्यात होतात, एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या.

काका-काकूंना मूलबाळ नाही. दोन खोल्या आणि दोन माणसं.

आता मुद्द्याचं. फार वर्षांपूर्वी टीव्हीवर 'गळ्यात गाणं' नावाचा स्पर्धेचा कार्यक्रम लागायचा. दर शनिवारी संध्याकाळी आठला. गावोगावची मुलं गायची, परीक्षक गुण द्यायचे, आपण मोबाइलवरून मतं पाठवायची. तो काळ लोडशेडिंगचा. तिकडे मुंबईत दिवे लखलखत असायचे आणि इकडे आम्ही बदलापूरकर संध्याकाळ झाली की हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत बसायचो. लाईट कधी जाणार आणि कधी येणार याचं वेळापत्रक वैशालीला देवाच्या आरतीपेक्षा पाठ होतं. आणि शनिवारी आठला लाईट नसायचीच.

फक्त काकांकडे असायची. त्यांनी कुठूनतरी ट्रकची जुनी बॅटरी आणून, तारा जोडून, घरच्या घरी इन्व्हर्टर बनवला होता. तो असा घरघरायचा की पाहुण्यांना वाटायचं कुणीतरी आत झोपलंय. पण त्यावर टीव्ही आणि एक ट्यूब चालायची. केबलवाल्याचा बूस्टर गच्चीवर होता, काकांनी त्यालाही गॅलरीतून एक वायर सोडली होती. मग काय, शनिवारी साडेसातपासून अख्खी बिल्डिंग तळमजल्यावर काकांच्या घरी. मोरेवहिनी लसूण सोलायला घेऊन यायच्या. त्यांची सानिका तेव्हा एवढीशी होती, ती दुसऱ्या गाण्याला सतरंजीवर झोपून जायची आणि मग तिला उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यावं लागायचं. दुसऱ्या मजल्यावरचा कांबळे आपल्या आईला हात धरून खाली आणायचा. पुढची खुर्ची त्यांची. त्या परीक्षकांना उघड उघड रागवायच्या, आणि काका तिथून, टीव्हीच्या शेजारून, त्यांना दाद द्यायचे. काकू परातभर चिवडा करायच्या. तो पुरायचा नाही.

मग लोडशेडिंग संपलं. त्याच सुमारास हळूहळू कार्यक्रमाचीही रया गेली. शनिवारचा तो आठवड्यातून तीनदा झाला, मग लहान मुलांचा झाला, मग नट-नट्यांचा झाला, आणि एक दिवस बंद पडला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त काका जिन्यात मला म्हणाले, "चांगली लाईन होती. कुणी बंद केली?"

यंदा त्या कार्यक्रमाची पुन्हा जाहिरात लागली. नवं पर्व, नवे परीक्षक, वार तोच, वेळ तीच. काका धावतच वर आले. नव्या पर्वाच्या पहिल्या शनिवारी पूर्वीसारखं सगळ्यांनी आपल्याकडे जमायचं, काकू चिवडा करणार आहेत, असं त्यांनी दार उघडायच्या आधीच सांगून टाकलं. मी म्हटलं, काका, आता तो कार्यक्रम कोण बघतं? तर ते गंभीर झाले. एवढा चालणारा कार्यक्रम लोकांनी का सोडला, याचा फॉल्ट आधी शोधला पाहिजे म्हणाले. फॉल्ट सापडल्याशिवाय लाईन चालू करायची नाही, हा त्यांचा कारखान्यातला नियम.

पुढचे कितीतरी दिवस काका आमच्या जिन्यात वरखाली करत होते. ज्याच्या त्याच्या दारात उभे राहायचे, आत बोलावलं तरी बसायचे नाहीत, आणि विचारायचे, तुम्ही 'गळ्यात गाणं' बघायचं का सोडलंत?

मोरेवहिनींनी सांगितलं, "आधी पोरगं गायचं आणि आपण रडायचो. आता परीक्षकच आधी रडतात. मग आपण कशाला रडायचं?" कांबळेचं म्हणणं असं, की मतं आपण पाठवायची आणि जिंकणारा आधीच ठरलेला, हे आमच्या युनियनच्या निवडणुकीसारखं झालं, त्यासाठी टीव्ही कशाला लावायचा. सानिका आता कॉलेजला आहे. ती कानातलं एक यंत्र काढून म्हणाली, "काका, सीरियसली, पूरा एपिसोड कोण बघतं? जे चांगलं असतं ते रीलमध्ये येतंच ना. बाकी सब स्क्रिप्टेड है." एवढ्यावर काकांचं समाधान होईना. काही कामासाठी उल्हासनगरला आले होते ते आमच्या दुकानातच शिरले आणि आमच्या शेठला विचारलं. शेठ सिंधी माणूस, गल्ल्यावरून न उठता जगाचा हिशेब सांगणारा. तो म्हणाला, "साईं, जो माल रोज बाहर टंगा रहता है ना, उसको गिऱ्हाईक हाथ नहीं लगाता."

मला वाटलं, चला, एवढी कारणं मिळाली, म्हातारा आता शांत होईल. पण काका परतताना माझ्याबरोबर उल्हासनगर स्टेशनपर्यंत चालत आले ते एकेक कारण खोडत. परीक्षक रडतात? ते तेव्हाही रडायचे, एकदा तर कांबळेच्या आईंनी त्यांना रुमाल देऊ केला होता. निकाल ठरलेला असतो? तेव्हाही असेल, आपण कुठे बघायला गेलो होतो. रोज लागायला लागला म्हणून? रोज तर वरणभातही असतो. मी चालण्याचा वेग वाढवला की तेही वाढवत होते. स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना म्हणाले, "नाही रे प्रमोद. फॉल्ट इथे कुठेच नाही. लाईन ठीक आहे आणि दिवा पेटत नाही, असं झालंय."

शेवटी तो शनिवार आला. काकांनी सतरंजी धुऊन घेतली होती. दार सातपासून सताड उघडं. येता-जाता सगळ्यांनी "येतो की काका" म्हटलं होतं. आपल्याकडे "येतो की" म्हणजे येत नाही, हे एवढ्या वर्षांत त्यांना कळायला हवं होतं.

मी गेलो. कांबळे येणार नव्हता हे मला माहीतच होतं, त्याची आई आता अंथरुणाला खिळलेली आहे, तिच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणि तिचं मशीन चोवीस तास चालू असतं. पण बाकीचेही कुणी आले नाहीत. हॉलमध्ये परातीत चिवडा, धुतलेली सतरंजी, आणि त्यावर एकटा मी. तोही उभा. टीव्हीवर एक मुलगा चांगला गात होता. एक ओळ झाली की त्याच्या वडिलांची चहाची टपरी दाखवायचे, वाफ हळूहळू वर जाताना दाखवायचे, मग एक परीक्षक डोळे टिपायची, मग साबणाची जाहिरात. गाणं काही पुढे सरकेना. मी खिशातून फोन काढला. मान वर केली तर काका आपल्या नेहमीच्या जागी, टीव्हीकडे पाठ करून, माझ्याकडे आणि त्या मोकळ्या सतरंजीकडे बघत होते.

"का रे झालं असं?" त्यांनी विचारलं.

मला तिथे थांबवत नव्हतं. एक पाय दाराकडे होताच. मी म्हटलं, "काका, लाईट यायला लागली, एवढंच झालं. ज्याच्या त्याच्या घरी लाईट आहे, ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे. कोण कशाला उठून येईल?"

काकांनी हात लांबवून शेजारची खुर्ची चाचपली आणि ते खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा बघत होतो. मला ते अजिबात आवडलं नाही. वर येऊन मी वैशालीवर उगीचच ओरडलो.

त्यानंतरचा आठवडा काका जिन्यात दिसले नाहीत. दिसले ते खाली मीटररूमपाशी. जाळी पुसत होते, कुलूप उघडून आत डोकावत होते. मीटररूमची किल्ली पहिल्यापासून त्यांच्याकडेच असते. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस कामाला लागला, आता विसरेल.

पुढच्या शनिवारी आठ वाजायच्या सुमारास आमची लाईट गेली.

लाईट गेली की आपण मेणबत्ती शोधत नाही, आधी गॅलरीत जाऊन समोर बघतो. समोरही अंधार असला की जिवाला बरं वाटतं. लोडशेडिंगच्या काळात समोर अंधार, मागे अंधार, सगळ्या गावाला एकच अंधार, त्यामुळे कुणी तक्रार करायचं नाही. आता वैशाली गॅलरीत गेली आणि म्हणाली, "अहो, समोर आहे." खालच्या गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, समोर आहे. वरूनही तेच. म्हणजे गेली ती आपल्याच बिल्डिंगची. पाचच मिनिटांत सगळी बिल्डिंग मोबाइलचे टॉर्च पेटवून जिन्यात उतरली.

तिथे आणखी एक गंमत. जिन्यातला दिवा चालू होता. आणि दुसऱ्या मजल्यावर कांबळेच्या घरात लख्ख उजेड. तो दारात असा उभा होता, जशी काही त्याने आमच्या घरची लाईट चोरली होती. "आमची आहे," तो ओशाळून म्हणाला. "का आहे, काय माहीत."

तळमजल्यावर काकांचं दार उघडं होतं. आतून इन्व्हर्टरची घरघर ऐकू येत होती. मोरेवहिनी म्हणाल्या, "काका, समोर लाईट आहे. आपल्याच मीटररूममध्ये काहीतरी झालंय. बघा ना जरा."

हा माणूस फॉल्ट म्हटला की हातातला घास टाकून पळणारा. पण आज तो जागचा हलला नाही. समोरच्या बिल्डिंगकडे त्याने असं बघितलं, की ती तिथे आहे हे त्याच्या आत्ताच लक्षात आलं असावं. मग घसा साफ करून म्हणाला, "बघून आलोय मी. सगळं तापलंय खाली. कुणी हात लावू नका. थंड झालं की मी बघतो. तोवर आत या, आपल्याकडे इन्व्हर्टर आहे."

उकडत होतं, डास चावत होते, आणि वायफायही गेलं होतं. सानिका चार्जर घेऊन पहिली आत शिरली. मोरेवहिनी निम्म्या निवडलेल्या मेथीसकट आल्या. बाकीचेही एकेक करत चपला काढून आले. कांबळेकडे लाईट होती, पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये आपल्या एकट्याकडे लाईट असणं त्याला बरं वाटेना. आईपाशी बायकोला बसवून तोही खाली आला. सतरंजी भरली. टीव्हीवर तोच टपरीवाल्याचा मुलगा होता आणि परीक्षक रडायच्या बेतात होत्या. मोरेवहिनी म्हणाल्या, "आता बघा हं, नाकाचा शेंडा लाल होईल." तो झाला. सगळे हसले. कांबळेने आपल्या आईची नक्कल करून परीक्षकांना झापलं, आणि जुनी माणसं इतकी हसली की सानिकाने फोनवरून मान वर करून विचारलं, काय झालं?

काकूंनी मला आतून चिवड्याचा डबा आणायला सांगितलं. मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर डब्याशेजारी एक परात होती आणि तिच्यावर फडकं. चिवडा तिच्यातही असेल म्हणून मी फडकं उचललं. आत चिनी मातीचे पांढरे फ्यूज होते, मीटररूममधले. नीट मांडून ठेवलेले, आणि प्रत्येकावर खडूने ज्याच्या त्याच्या घराचा नंबर घातलेला. आमचाही होता. फक्त कांबळेचा नव्हता.

मागे काकू येऊन उभ्या होत्या.

"आईंच्या गादीचं मशीन आहे ना, म्हणून त्यांचा नाही काढला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जिन्यातलाही ठेवला. अंधारात कोणी पडेल म्हणाले."

मी फडकं परत टाकलं.

"कोणाला सांगू नकोस, प्रमोद. यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही रे. पहिल्यापासून. संगमेश्वरला यांच्या घरी पंगतीला पानं मांडायला जागा पुरायची नाही, एवढी माणसं. इथे आलो ते आम्ही दोघंच, आणि पुढेही दोघंच राहिलो. ती लाईट जायची ना, त्या वर्षांतच काय ते माझं घर भरलेलं होतं. हे टीव्हीपाशी का उभे राहतात माहितीये? तिथून सगळे दिसतात."

मी डबा उचलला आणि बाहेर आलो.

काका आपल्या जागी होते. हात मागे, पाठ टीव्हीकडे. मोरेवहिनींकडे बघून झालं की कांबळेकडे, मग सानिकाकडे, मग पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या घरच्या माणसाने पंगतीत कुणाला काय हवं-नको बघावं तसं. दर्दी माणूस म्हणून मी इतकी वर्षं ज्यांना ओळखत होतो, त्यांनी एकही गाणं ऐकलं नव्हतं.

कार्यक्रम संपला. मोरेवहिनींनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि म्हणाल्या, "काका, झालं असेल ना आता थंड? बघता का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या चिवड्याच्या डब्याकडे बघितलं. हा डबा मी कुठून आणला हे त्यांना कळलं होतं. ते नुसते उभ्या उभ्या या पायावरून त्या पायावर झाले.

"इतक्यात कसलं थंड होतंय," मी म्हटलं. "मी पण बघून आलोय. हातसुद्धा लावता येत नाही. बसा जरा, घाई काय आहे?"

आणि मी सतरंजीवर चांगली मांडी घालून बसलो. वैशाली माझ्याकडे बघतच राहिली. मग तीही बसली. मोरेवहिनींनी लोडशेडिंगच्या वेळची कुठलीतरी गोष्ट काढली, कांबळेने त्यात आपली भर घातली, डबा हातोहात फिरायला लागला.

बॅटरी उतरेल म्हणून काकांनी टीव्ही बंद केला. कुणी उठलं नाही. आणि काका त्या बंद टीव्हीकडे पाठ करून तिथेच उभे राहिले.